सिस्टरच्या पुढच्या खोलीतलं सामान

सिस्टर बोलताना समोरच्याचं मनगट धरायच्या. भाजीवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर भांडायला आलेली शेजारीण; त्यांची चार बोटं अलगद मनगटावर येऊन बसत आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच राहत. सारा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेला होता, आधी धुळ्याला, नंतर जळगावला. निवृत्त झाल्या तरी हाताची सवय गेली नव्हती. आमच्या गल्लीत म्हणायचे, सिस्टरपुढे खोटं बोलायचं असेल तर आधी हात खिशात घाला.

मी लग्न होऊन जळगावला आले तेव्हा आमचे हे एसटीत होते. रेल्वेलाइनीपलीकडे आबांच्या खोल्यांची एक लांब रांग होती, त्यातली एक आम्ही भाड्यानं घेतली होती. रांगेच्या टोकाला, वेगळं, सिस्टरचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर. फंडाच्या पैशातून बांधलेलं. पुढच्या खोलीत एक खाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत तुळशीसारखाच जपलेला कोरफडीचा डबा. नवरा लवकर गेलेला. मुलगा नाशिकला कारखान्यात. दुपारी त्यांच्या दारात बायांची ये-जा असायची. कुणाच्या मुलाला ताप, कुणाचा महिना चुकलेला, कुणाला सासूपासून तासभर लांब बसायचं. सिस्टर "होईल बरं" असं कधी कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्या म्हणायच्या, "बघू." आणि खरोखरच बघायला येत राहायच्या.

त्यांना एक गोष्ट अजिबात खपत नसे. कुणाची वस्तू कुणाकडे राहिली आणि दुसऱ्यानं ती बेफिकिरीनं वापरली, की त्या संतापत. एकदा मीच शेजारणीचा विसरलेला झारा दोन दिवस वापरला. त्या म्हणाल्या, "शैला, वॉर्डात माणूस जायचा आणि खाटेखाली त्याच्या चपला राहायच्या. नातेवाईक रडत निघून जायचे, चपला कुणाला आठवत नसत. आम्ही त्या गाठोड्यात बांधून ठेवायचो. धनी येईपर्यंत त्या आमच्या नसतात, पण जबाबदारी आमचीच असते." मी हसले होते. एका झाऱ्यावरून एवढं! पुढे जे घडलं ते याच स्वभावातून घडलं, आणि तेव्हा हसायला कुणी उरलं नव्हतं.

रांगेतल्या मधल्या दोन खोल्यांत मास्तर राहत. म्हणजे टेलर मास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. मूळचे भडगावचे. हाताला फार सफाई, पण तोंडात कायम टाचण्या आणि मनात कायम कुणाशी तरी भांडण. बायको कमल माहेरची सोनगीरची, साधी, मोठ्यानं हसणारी. एक मुलगी, ती नुकतीच लग्न होऊन गेलेली.

आबांना मास्तरच्या खोल्या हव्या होत्या. खरं तर सगळीच रांग पाडून तिथं मोठी इमारत बांधायची होती, पण सुरुवात मास्तरपासून झाली. आबा म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. भाडेकरूच्या घरी बारसं असलं तर केळीचा घड पाठवत. कोर्टात मास्तर हरले त्या दिवशीही आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका हो." मास्तरनी तो हात झटकला आणि जिल्हा कोर्टात अपील केलं. पण खोल्या खाली करण्याला स्थगिती काही मिळाली नाही.

कोर्टाचा बेलीफ आला तो चैत्रातल्या उन्हात. मास्तर आदल्या दिवशीच भडगावला निघून गेले होते. ते मुद्दामच गेले, हे नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की आपण हजर राहून सामान उचललं तर आपण खोल्या कबूल करून सोडल्या असं होतं. हमालांनी एकेक वस्तू रस्त्यावर आणून मांडली. शिलाईची दोन मशीनं, एक पायाचं, एक हाताचं. लोखंडी खाट. कापडांची कपाटं. हंडे, पाटा, लेकीच्या लहानपणीचा लाकडी पाळणा. कमल दाराला पाठ लावून उभी होती. बेलीफ तिला म्हणाला, "बाई, ताब्यात घ्या आणि सही करा." ती म्हणाली, "त्यास्नी नही सांगेल शे." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच.

मग बेलीफानं गल्लीकडे पाहिलं. "धनी घेत नाही. कुणीतरी सुपूर्तनाम्यावर ठेवून घ्यायला हवं. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत जपायचं, कुणाला काही द्यायचं नाही. कोण घेतं?"

दारं हळूहळू लोटली गेली. आमचंही. आम्ही सगळे आबांचेच भाडेकरू होतो. आबा समोरच्या कडुलिंबाखाली उभे होते. ते मऊपणे म्हणाले, "कुणी नसेल तर माझं गोदाम आहे. मी ठेवतो ना. माणुसकी म्हणून."

"मी ठेवते," सिस्टर म्हणाल्या.

आबांचं हसू तसंच राहिलं. "सिस्टर, तुम्हाला या वयात कशाला ताप?"

"आबा, ज्याच्याशी भांडण त्याच्याच घरात सामान, हे बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी बेलीफाकडून पेन घेतलं.

संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं. सिस्टरची खाट मागच्या खोलीत चुलीजवळ गेली. कमल त्याच दिवशी भावाकडे सोनगीरला निघून गेली, आणि गल्ली दुपारी बसायला येईनाशी झाली. बसायला जागाच नव्हती, असं प्रत्येकजण सांगे. मी जायचे, पण मागच्या दारानं. आमच्या ह्यांनी तसं बजावलं होतं.

मास्तर आठवड्यानं आले. भडगावात कुणाच्या तरी दुकानात दुसऱ्याच्या मशीनवर बसत होते. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मान आत घालून एकेक वस्तू डोळ्यांनी मोजली. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, अर्ज करा आणि घेऊन जा. निदान मशीन न्या, पोटाचं साधन आहे."

"सामान हललं की ताबा गेला," मास्तर म्हणाले. "अपील लागू द्या. हे सामान पुन्हा माझ्याच खोल्यांत जाईल. तोवर पाटासुद्धा हलवू नका."

"आणि कमलचं काय?"

"ती भावाकडे आहे," ते म्हणाले, जणू तीही एक जपून ठेवायला दिलेली वस्तू होती. नंतर ते दर पंधरवड्याला येत. कधी आत आले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. फक्त पाहत आणि जात.

आबाही येत. ते आत येत. हातात केळ्यांचा फणा नाहीतर भरिताची वांगी. एके दुपारी मी मागच्या खोलीत तांदूळ निवडत होते तेव्हा त्यांचा आवाज ऐकला. "सिस्टर, सुकं लाकूड, एवढं कापड, आणि तुम्ही एकट्या. मला झोप लागत नाही हो काळजीनं. एक ठिणगी पुरते."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं होतं. मग सिस्टर म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे, आबा."

ते गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "शैला, रागावून धमकी देणाऱ्याची नाडी उड्या मारते. त्याला भ्यायचं कारण नाही, तो दमतो. याची नाडी जरासुद्धा हलली नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीत वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या, आणि पाण्याचं पिंप दाराशी ओढलं.

तेव्हापासून समोरच्या ओट्यावर आबांचा एक माणूस खुर्ची टाकून बसू लागला. काही बोलायचा नाही, कुणाला अडवायचा नाही. बिड्या ओढायचा आणि काड्या विझवून ओट्यावर एका ओळीत मांडून ठेवायचा. संध्याकाळी उठून जाताना सिस्टरच्या दाराला नमस्कार करायचा.

गंमत अशी की पहिलं उघड भांडण आबांशी झालंच नाही. ते झालं मास्तरच्या गिऱ्हाइकांशी. कपाटांत लोकांचे कपडे अडकले होते. कुणाचं ब्लाउज, कुणाची पँट, आणि एका नवरदेवाचा अर्धवट शिवलेला सफारी. नवरदेवाचा बाप पाचोऱ्याहून आला. "माझं कापड आहे, शिलाईचा विसार दिलाय. काढा."

"कोर्टाच्या हुकमाशिवाय मला देता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "शिवाय त्याला बाह्या नाहीत अजून."

"मग बिनबाह्यांचा घालू! तुम्हाला काय करायचं?"

गल्ली जमली. लोक हसले. पण तो माणूस जाताना म्हणाला, "दुसऱ्याच्या मालावर म्हातारी बसलीय नागासारखी," आणि त्याला कुणी अडवलं नाही. हळूहळू तेच वाक्य नळावर, पिठाच्या गिरणीत ऐकू येऊ लागलं. कुणी म्हणे, सिस्टर आबांना मिळालेल्या आहेत, केळी उगाच येतात का! कुणी म्हणे, मास्तरनं त्यांना काहीतरी कबूल केलंय. मास्तरच्या कानावर केळ्यांचं गेलं. पुढच्या खेपेला त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "आबांच्या घरचं गोड लागतं वाटतं?" सिस्टरनी दार लावून घेतलं. कुणाच्या तोंडावर त्यांनी दार लावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सुटका व्हावी म्हणून त्या कोर्टातही जाऊन आल्या. तिथं सांगितलं, दोन्ही बाजूंचं ऐकावं लागेल, तारीख घ्या. तारखेला मास्तर आले नाहीत. पुढच्या तारखेला आबांचे वकील आले नाहीत.

पावसाळ्यात खोलीला वास येऊ लागला. भिजलेल्या कापडाचा, गंजाचा, उंदरांचा. सिस्टर रोज मशीनं पुसत, तेल देत, पाळण्याच्या खुरांखाली विटा सारत. श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या उंबऱ्यावर रॉकेल सांडलं होतं. फार नाही, वाटीभर. काडी कुणी लावली नव्हती. समोरची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती. सिस्टरनी उंबरा धुतला, वाळू टाकली आणि म्हणाल्या, "फक्त कळवून गेलेत." मुलगा नाशिकहून आला, खूप बोलला, आईला न्यायला निघाला. त्या म्हणाल्या, "सामान घेऊन येऊ का नाशिकला?" तो चिडून एकटाच परत गेला.

दिवाळीआधी कमल आली. अंगावर मांस उरलं नव्हतं. भर दुपारी ती पुढच्या दारानं आली आणि स्वतःच्याच खाटेच्या कडेवर टेकली.

"सिस्टर, माले हातनं मशीन द्या. बाकी बठ्ठं राहू द्या."

"मास्तर काय म्हणतात?"

"ते काय म्हणतीन? त्यास्ले कोर्ट शे, माले चूल शे. पोरगी बायतपणले येल शे. भाऊना घर किती दिन ऱ्हाऊ? भावजाई ताट आपटी देस. सोनगीरले माले शिवानं काम भेटी, पन मशीन नही."

सिस्टरनी तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता त्या "बघू" म्हणतील. पण त्या उठल्या, हातमशीनवरचं फडकं काढलं, तेल दिलं, चाक फिरवून पाहिलं. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही सही केलीय." समोर तो माणूस बसला होता.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या दारानं नको जाऊस, कमल. चोरून नेल्यासारखं होतं. पुढून जा. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, दिलं."

रिक्षा थेट दाराशी बोलावली. मशीन कमलच्या मांडीवर ठेवलं. रिक्षा वळली तसा समोरचा माणूस खुर्चीवरून उठला, खुर्चीची घडी घातली आणि आबांच्या घराकडे चालू लागला. त्यानं त्या दिवशी सिस्टरच्या दाराला नमस्कार केला नाही.

आठवड्याभरात कोर्टाचा माणूस सामान ताडून पाहायला आला. आबांचा अर्ज होता, की सुपूर्तदार मालाची विल्हेवाट लावत आहे. मग पोलीस ठाण्याचं बोलावणं आलं. जन्मभर ज्या बाईनं मेलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी नातेवाइकांच्या हाती मोजून दिली, तिला फौजदारानं बाकावर बसवून विचारलं, "मशीन कितीला विकलं?" परत आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसत होते. त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं होतं.

पाठोपाठ आबा आले. "सिस्टर, मला तुमच्याविरुद्ध काही करायचं नाही हो. तुमचं पेन्शन, तुमचं नाव... तुम्ही एवढंच लिहून द्या, की झेपत नाही. सामान माझ्या गोदामात नेतो. प्रकरण तिथंच मिटेल."

मग मला कळलं. सामान हाती आलं की मास्तर हाती येणार होता. अपील सोडलंस तर मशीन मिळेल, असा साधा हिशोब होता.

"विचार करते," सिस्टर म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन भडगावच्या गाडीत बसल्या.

मास्तर एका अरुंद दुकानात मागच्या बाजूला बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी मशीन थांबवलं नाही. दुकानाच्या मालकानंच आम्हाला पाणी दिलं.

सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, कोर्टात एवढंच सांगा, की मशीन माझ्याच बायकोकडे गेलंय. माझी तक्रार नाही."

"तसं सांगितलं तर मी सामान घ्यायला सुरुवात केली असं होतं. आबांचा वकील तेवढ्यासाठीच टपलाय."

"नाही सांगितलं तर मी चोर ठरते."

मास्तरचा पाय थांबला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून कापडाला टोचल्या. "मी सांगितलं होतं का तुम्हाला द्यायला? मी सांगितलं होतं, पाटासुद्धा हलवू नका."

सिस्टरनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते ओढून घेतलं, विस्तवावरून ओढावं तसं. मालक दुसरीकडे पाहू लागला.

परतीच्या गाडीत सिस्टर खिडकीबाहेर पाहत होत्या. कापसाची वेचणी चालली होती. बाहेरच पाहत म्हणाल्या, "मास्तरचा हट्ट म्हणजे दुखणं नाही. दुखणं असतं तर उपाय केला असता." थोड्या वेळानं माझ्याकडे वळल्या. "कमलला हे कळता कामा नये. तिच्या संसारात मी फूट पाडणार नाही."

मी कुणाला काही बोलले नाही. पण आमचे हे बोलले. त्यांनी सोनगीरवरून जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे कमलसाठी तारखेचा निरोप दिला. आबांचे भाडेकरू असून त्यांनी हे केलं, आणि घरी येऊन मला सांगितलं.

तारखेला कोर्टात गर्दी होती. आमची अर्धी गल्ली तमाशा पाहायला आली होती. मास्तरना विचारलं, मशीन तुमच्या संमतीनं दिलं का? ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं." सिस्टर उभ्या होत्या. पांढरं पातळ, नोकरीत असताना नेसायच्या तसं कडक इस्त्रीचं. त्यांनी मान खाली घातली नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात गलका झाला. कमल डोक्यावर मशीन घेऊन आली होती. पट्टेवाल्यानं अडवलं तर तिनं मशीन तिथंच दारात ठेवलं आणि आत पाहून ओरडली, "हाई देखा मशीन! मी नेयी. सिस्टरनी मना हातमा दिधी. चोर म्हणनं व्हई ते माले म्हणा!"

न्यायाधीशांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला आत बोलावलं. मग मास्तरकडे पाहून विचारलं, "ही तुमची पत्नी?"

मास्तर वकिलाकडे पाहू लागले. वकिलानं कळेल न कळेल अशी नकारार्थी मान हलवली. मास्तर म्हणाले, "होती. आता माझ्याकडे राहत नाही. मी तिला काही आणायला सांगितलेलं नाही. तिचा या सामानाशी संबंध नाही."

कमलनं डोक्यावरची चुंबळ हातात घेतली होती. ती तिनं हळूहळू उलगडली, झटकली, आणि पदरासारखी खांद्यावर टाकली. रडली नाही. आबा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हलकेच सुस्कारा सोडला, जणू त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

सिस्टर सुटल्या. वस्तू हजर झाली, लबाडी दिसत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. पण सामान त्यांच्याकडून काढून कोर्टाच्या ताब्यात घ्यायचा हुकूम झाला, हातमशीनसकट. हातगाड्या आल्या आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. भिंतीवर खाटेच्या गंजाच्या रेघा आणि जमिनीवर विटांचे ठसे उरले. मी म्हटलं, "सिस्टर, सुटलात एकदाच्या." त्या झाडू घेऊन उभ्या होत्या. "मी सुटले," त्या म्हणाल्या. "ती बाई उघड्यावर आली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातलं सोनं मोडलं. होतंच किती, एक पोत आणि पाटल्या. एक हातमशीन विकत घेतलं आणि एसटीत टाकून स्वतः सोनगीरला पोहोचतं केलं. कमलच्या लेकीचं बाळंतपणही त्यांनीच केलं. मुलगी झाली.

आमच्या रांगेत त्यानंतर एकेकाला नोटिसा आल्या. आबांना आता घाई नव्हती. आम्ही भांडलो नाही. ह्यांनी धुळ्याला बदली मागून घेतली आणि ट्रकमध्ये सामान भरलं. सिस्टर सकाळपासून आमच्या खोलीत होत्या. खुंटीवरची पिशवी, मोरीतला दगड, भिंतीतले खिळेसुद्धा त्यांनी काढायला लावले. "काही मागे ठेवू नकोस," एवढंच सारखं म्हणत होत्या. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला, पण बोटं टेकली नाहीत.

मास्तरचं अपील पुढे दोन कोर्टांत गेलं. दरम्यान त्यांचं सामान कोर्टाच्या आवारात कुजलं आणि लिलावात निघालं. पाहणारे सांगत, मास्तर लिलावाला हजर होते. पायमशीन भंगारवाल्यानं घेतलं. मास्तर समोर उभे होते. बोली लावली तर लिलाव कबूल केला असं होईल, म्हणून तोंड उघडलं नाही. रांग पडली, इमारत उभी राहिली. सिस्टरच्या घराला तिची सावली कायमची पडली. एका हिवाळ्यात त्या छातीत कफ होऊन पडल्या, तेव्हा कमल सोनगीरहून आली आणि त्यांना घेऊन गेली. सिस्टरच्या मुलाची समजूत कशी घातली कोण जाणे.

धुळ्याहून सोनगीर जवळ. मी अधूनमधून जायचे. किल्ल्याच्या पायथ्याशी कमलची दोन खणांची जागा. ती मशीन चालवी, सिस्टर काजबटणं करत, आजोळी आलेली नात अंगणात खेळे. जळगावचा विषय कुणी काढत नसे.

एका सकाळी आमचे हे डेपोतून घाईघाईनं घरी आले. भडगावच्या दुकानमालकानं ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला होता. मास्तर रात्री गेले. नातलग कुणी फिरकत नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहतो, नाहीतर नगरपालिकेची माणसं बोलावतो. मी पहिल्या गाडीनं सोनगीरला गेले.

मी सांगितलं तेव्हा कमल ब्लाउजला गळा लावत होती. तिचा हात चाकावरच राहिला. सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग भिंतीचा आधार घेत उठल्या आणि खुंटीवरचं पातळ काढलं.

"सिस्टर, तुम्हाला दम लागतो," मी म्हटलं. "आणि त्या माणसानं तुमच्यासाठी एक शब्द..."

"तो तिथं एकटा पडलाय, शैला."

कमल म्हणाली, "मी नही येनार. भर कोर्टमा बठ्ठास्ना मोरे त्यास्नी माले परकी करी."

"तू येऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "मी कुठं म्हणतेय. मी जाते आणि त्याचं जे काही असेल ते घेऊन येते."

त्या अंगणात उतरल्या. पायरी उतरताना थांबल्या, श्वास घेतला, मग फाटकाकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागे निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो असू, तेव्हा मागून दार ओढल्याचा आवाज आला.

"एकल्या नका जाऊ," कमल ओरडली. "थांबा, मी येस."

ती धावत आली आणि तिनं सिस्टरच्या काखेत हात घातला. तिच्या दुसऱ्या हातात नवं, घडी न मोडलेलं पांढरं कापड होतं.